डॉक्टर मोरो आणि बेलगाम प्रयोग

डॉक्टर मोरो हा एच. जी. वेल्स यांच्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) या इंग्रजी कादंबरीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कोणालाही जाब न देणाऱ्या प्रयोगकर्त्याचे विज्ञानकथेतील हे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण म्हणता येईल.

जिवंत प्राण्यांची चिरफाड करून होणाऱ्या प्रयोगांवरून, म्हणजे जीवच्छेदनावरून, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटलेला होता. समाजसुधारक लेखिका फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी १८७५ मध्ये त्याविरुद्ध संस्था काढली. १८७६ च्या कायद्याने अशा प्रयोगांना परवाना सक्तीचा केला. भूल न देता प्रयोग करायचा तर वेगळे प्रमाणपत्र लागू लागले. कथेतला मोरो मूळचा लंडनचा नामांकित संशोधक. प्रयोगशाळेत सहायक म्हणून शिरलेला वार्ताहर त्याचे बिंग फोडतो, त्याच सुमारास कातडे सोललेला एक कुत्रा तिथून निसटतो आणि लोक खवळतात. मोरो प्रयोग सोडत नाही, देश सोडतो. पॅसिफिकमधल्या बेटावर ना परवाना, ना निरीक्षक, ना चूक दाखवणारा सहकारी. तिथे तो भूल न देता पशूंना कापून, जोडून माणसाचा आकार देतो आणि त्यांच्यावर स्वतःचेच कायदे लादतो.

वेल्स जीवच्छेदनाचे विरोधक नव्हते. पुढे त्यांनी त्याचे जाहीर समर्थनही केले. जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली हे त्यांचे गुरू, आणि कथेचा निवेदक प्रेंडिकही हक्सलींच्याच हाताखाली शिकलेला. म्हणूनच त्याच्या आक्षेपाला वजन आहे. वेदना पाहून तो हादरतो, तरी काही समजण्याजोगा हेतू असता तर मोरोबद्दल थोडी सहानुभूती वाटली असती, असे तो म्हणतो. मोरोला मात्र सजीवाचा आकार कुठवर बदलता येतो, एवढेच पाहायचे असते. घडवलेल्या जिवाचे पुढे काय, हा प्रश्न त्याला पडतच नाही. मन भरले की तो त्यांना रानात हाकलून देतो. माझ्या मते कादंबरीतले खरे क्रौर्य सुरीपेक्षा या बेफिकिरीत आहे.

शस्त्रक्रिया चालू असलेली प्यूमा (अमेरिकेतले मोठे रानमांजर) मादी साखळी उपटून पळते आणि मोरोचा जीव घेते. मागे उरलेले पशुमानव हळूहळू वाचा गमावतात, पुन्हा चार पायांवर येतात. परक्या ऊती शरीर नाकारते हे आता ठाऊक असल्याने मोरोची शस्त्रक्रिया अशक्यच ठरते.