रिफ्यूज आणि डिनाय : नकार आणि इन्कार

इंग्रजीतल्या ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ या दोन्ही क्रियापदांचा अर्थ आपण ‘नाकारणे’ या एकाच शब्दाने सांगतो, आणि इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. ‘त्याने यायला नकार दिला’ असे म्हणायचे असताना ‘ही डिनाइड टु कम’ असे वाक्य चांगले इंग्रजी येणाऱ्यांच्याही लेखनात दिसते. ते चूक आहे. तिथे ‘ही रिफ्यूज्ड टु कम’ असेच हवे. मात्र ही चूक केवळ व्याकरणाची नाही. चुकीचे क्रियापद वापरल्याने सांगायची घटनाच बदलून जाऊ शकते.

‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ आणि ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यातल्या माणसापुढे पैसे आले होते आणि त्याने ते घेतले नाहीत. दुसऱ्यातल्या माणसावर पैसे घेतल्याचा आरोप आहे आणि तो म्हणतो की आपण ते घेतले नाहीत. त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे त्या वाक्यावरून कळत नाही. एकाचा प्रामाणिकपणा दिसतो, दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका उभी राहते. हीच वाक्ये मराठीत मांडली की ‘त्याने पैसे घेण्यास नकार दिला’ आणि ‘त्याने पैसे घेतल्याचा इन्कार केला’ अशी होतात. म्हणजे हा भेद मराठीला नवा नाही. ‘घेण्यास’ आणि ‘घेतल्याचा’ या दोन रूपांतून आपण तो रोज पाळतो. अडचण फक्त ‘नाकारणे’ या शब्दाची आहे, कारण ‘विनंती नाकारली’ आणि ‘आरोप नाकारला’ या दोन्ही ठिकाणी तो सहज बसतो आणि भेद झाकून टाकतो. म्हणून इंग्रजी लिहिताना ‘नाकारणे’ बाजूला ठेवून मनाशी ‘नकार’ की ‘इन्कार’ असे विचारणे, ही मला सर्वांत भरवशाची कसोटी वाटते.

यावरून ‘रिफ्यूज’ पुढच्या गोष्टीसाठी आणि ‘डिनाय’ मागच्या गोष्टीसाठी, असा नियम काही जण सांगतात. तो बहुतेक वेळा चालतो, पण पुरता खरा नाही. सरकारच्या प्रवक्त्याने कर वाढणार असल्याचा इन्कार केला, तर गोष्ट पुढची असूनही क्रियापद ‘डिनाय’च येते. खरा भेद असा की ‘रिफ्यूज’चा संबंध कृतीशी आहे आणि ‘डिनाय’चा संबंध विधानाच्या खरेपणाशी. त्यामुळे त्यांचे विरुद्धार्थी शब्दही वेगळे आहेत : ‘रिफ्यूज’च्या उलट ‘अग्री’ किंवा ‘अ‍ॅक्सेप्ट’, तर ‘डिनाय’च्या उलट ‘अ‍ॅडमिट’ किंवा ‘कन्फर्म’. कृतीशी संबंध असल्यामुळेच ‘रिफ्यूज’ला शब्दांची गरज लागत नाही. अडथळ्यापुढे थबकलेला घोडा ‘रिफ्यूज’ करतो, आणि काही केल्या सुरू न होणाऱ्या इंजिनालाही इंग्रजीत तेच क्रियापद लावतात. इन्कार मात्र बोलणाराच करू शकतो.

वाक्यरचनाही यालाच धरून आहे. ‘रिफ्यूज’नंतर ‘टु’ आणि मूळ क्रियापद येते. ‘डिनाय’नंतर ‘इंग’ लागलेले रूप येते किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते. ‘रिफ्यूज्ड दॅट’ ही रचना इंग्रजीत होत नाही.

दोन्ही शब्द एकमेकांच्या अगदी जवळ येतात ते एखाद्याला काही न देण्याच्या अर्थाने, आणि इथे खरी बारकाई लागते. परवानगी मिळाली नाही, तर ‘ही वॉज रिफ्यूज्ड परमिशन’ आणि ‘ही वॉज डिनाइड परमिशन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. तरी छटा वेगळी राहते. ‘रिफ्यूज’मध्ये कोणी तरी मागितले आणि समोरच्याने नाही म्हटले, असे चित्र उभे राहते. ‘डिनाय’मध्ये मागणीपेक्षा हक्काला महत्त्व असते, जे मिळायला हवे होते ते मिळू दिले नाही, असा सूर त्यात असतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतील 1868च्या चौदाव्या दुरुस्तीत कायद्याच्या समान संरक्षणाविषयी आणि 1870च्या पंधराव्या दुरुस्तीत मताधिकाराविषयी ‘डिनाय’ हेच क्रियापद वापरले आहे, आणि ते अचूक आहे, कारण हे हक्क कोणी अर्ज करून मागायचे नसतात. सीमा इथे पुसट आहे, हेही मान्य केले पाहिजे : 1215च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेतील, न्याय कोणालाही न नाकारण्याच्या कलमाचे लॅटिनमधून भाषांतर करताना काहींनी ‘डिनाय’ घेतले आहे, तर काहींनी ‘रिफ्यूज’.

जवळच्या इतर शब्दांपैकी ‘डिक्लाइन’ म्हणजे सौजन्याने दिलेला नकार. निमंत्रणाला ‘रिफ्यूज’ म्हटले तर ते तुटक वाटते. ‘रिजेक्ट’मध्ये पारखून बाजूला सारण्याचा भाव आहे, म्हणून तो प्रस्तावाला, हस्तलिखिताला, शरीराने न स्वीकारलेल्या अवयवालाही लागतो. ‘रिफ्यूट’बद्दल मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. बातम्यांत आरोपाचा नुसता इन्कार झाला असतानाही ‘रिफ्यूट’ लिहिलेले आढळते. काटेकोर वापरात त्याचा अर्थ पुरावा देऊन खोडून काढणे असा आहे. आरोपी ‘नाही’ म्हणाला एवढेच घडले असेल, तर बातमीदाराने ‘डिनाय’वर थांबावे, अन्यथा जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाल्याचा निर्वाळा तो स्वतःच देऊन बसतो.

नामे करताना ‘रिफ्यूज’चे ‘रिफ्यूजल’ आणि ‘डिनाय’चे ‘डिनायल’ होते. ‘रिफ्यूज’सारखेच स्पेलिंग असलेले नामही इंग्रजीत आहे, पण त्याचा उच्चार ‘रेफ्यूस’ असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन होतो आणि त्याचा अर्थ ‘केरकचरा’ असा आहे.