समुद्रघोडे व पाइपफिश यांचे घरगुती प्रवाळ-टाकीतील संगोपन

समुद्रघोडा आणि पाइपफिश (काडीसारखा लांबट मासा) हे सिंग्नॅथिडी या एकाच कुलातील मासे. खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत ते पाळण्याचा छंद मुख्यतः अमेरिका व युरोपात रुजला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात २००१ पासून या संपूर्ण कुलाला संरक्षण दिले आहे. त्यामुळे इथल्या किनाऱ्यावर जाळ्यात आलेला समुद्रघोडा हौसेने घरी नेता येत नाही. समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध २००४ पासून लागू आहेत.

या माशांना दात नसतात आणि जठरही नसते. नळीसारख्या तोंडाने ते भक्ष्य झटक्यात ओढून घेतात आणि ते आतड्यातून भराभर पुढे सरकते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खाऊ घालावे लागते. कामानिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्याला हे सहसा झेपत नाही. समुद्रातून पकडलेला मासा हलणारे भक्ष्यच ओळखतो. गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) समोर पडली तरी तो नुसता बघत राहतो आणि भरल्या टाकीत उपाशी मरतो. टाकीत वाढवलेल्या पिल्लांना हे अन्न आधीच सवयीचे झालेले असते. हवाई बेटांवरील कोना येथे १९९८ पासून चालू असलेले ‘ओशन रायडर’ केंद्र अशीच पैदास करते. नवशिक्याने हिप्पोकॅम्पस इरेक्टस ही समुद्रघोड्याची टाकीत वाढवलेली जात घ्यावी.

प्रवाळांसाठी सजवलेली टाकी मात्र समुद्रघोड्याला मानवत नाही. प्रवाळांना जोरदार प्रवाह आणि साधारण २५-२६ अंश सेल्सिअस तापमान लागते. समुद्रघोडा पोहण्यात दुबळा, आणि त्याला २२-२४ अंश बरे. त्याहून उबदार पाण्यात व्हिब्रिओ जीवाणू फोफावतात आणि शेपटी, तोंड सडू लागते. शिवाय तो हाताशी येईल त्याला (खरे तर शेपटीशी येईल त्याला) विळखा घालतो. ते युफिलियासारखे डंख मारणारे प्रवाळ असले तर कातडी भाजते. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा प्राणी) असले तर मासाच मरतो. गॉर्गोनियन (फांद्यांसारखे मऊ प्रवाळ), शैवाल किंवा प्लास्टिकच्या फांद्या चालतात. टाकी उंच हवी, माशाच्या उंचीच्या किमान तिप्पट, कारण जोडी वर चढत जाते आणि मादी मधल्या पाण्यातच अंडी नराच्या पोटावरील पिशवीत सोपवते. उथळ टाकीत ती खाली सांडतात.

पाइपफिश प्रवाळांत बरेच जास्त रमतात. कोरिथोइक्थिस प्रजातीचे मासे खडकांवरून सरपटत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत असतात. निळ्या पट्ट्याचा डोरिऱ्हॅम्फस एक्सिसस कपारीत राहतो, शेपटीचा झेंडा फडकवतो आणि निसर्गात इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. त्याचे दोन नर मात्र एका टाकीत नांदत नाहीत. चपळ सोबती दोन्ही गटांना नकोत. अन्न पळवण्यात हे मासे नेहमी हरतात.

समुद्रघोड्याचा नर एका वेळी शेकडो पिल्ले सोडतो. प्रवाळ-टाकीत त्यांतले बहुतेक गाळणयंत्रात ओढले जातात किंवा प्रवाळांच्या तोंडी पडतात. वेगळ्या टाकीतही ती पृष्ठभागावरची हवा गिळून तरंगू लागतात आणि खाणे सोडतात, म्हणून पाणी सावकाश गोल फिरत राहील अशी गोलसर टाकी वापरतात.