मोठ्या पतंगाची घरगुती चक्री

दीड-दोन मीटरपेक्षा मोठा डेल्टा (त्रिकोणी पतंग), बॉक्स (पेटीसारखा) किंवा कापडी पॅराफॉइल (काड्यांशिवाय, हवेने फुगणारा) उडवायचा तर त्याची दोरी सांभाळायला जे दणकट रीळ लागतं ते बरेच हौशी लोक घरीच बनवतात, तीच ही चक्री. कोणी फिरकी म्हणतं, येवल्याकडं आसारी. पण संक्रांतीची आसारी बांबूच्या कामट्यांची आणि वजनाला हलकी असते, कागदी पतंगाला ती एकदम मस्त, मोठ्या पतंगाला मात्र तिचा टिकाव लागत नाही, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते.

बनवताना लोक हँडल आणि बेअरिंगवर जास्त डोकं लावतात, पण चक्री मोडते ती मधल्या ड्रममुळे. समजा दोरी 4 किलोच्या ताणाने गुंडाळली, तर प्रत्येक वेढा ड्रमला आवळतो आणि पुढचा वेढा त्यात भर घालतो, म्हणजे शंभर वेढ्यांत आवळण्याचं बळ काही शे किलोंवर जातं. नायलॉन तर अजून वाईट, कारण ते ताणलेलं असतानाच गुंडाळलं जातं आणि मग आकसायला बघतं. पोकळ पीव्हीसी पाइप यात चेपतो, बाजूच्या चकत्या बाहेर फाकतात. म्हणून ड्रम भरीव हवा, 12 मिमी प्लायच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवून केलेला सगळ्यात चांगला, आणि दोरी शक्यतो पॉलिएस्टरची, ती कमी ताणते.

ड्रमचा व्यास 15 सेमी ठेवला तर एका फेरीत साधारण 47 सेमी दोरी येते, म्हणजे 300 मीटरला सहाशेच्या वर फेऱ्या, हात दुखतो पण दोरी भरत जाते तसा घेर वाढतो आणि काम जरा हलकं होतं. बाजूच्या चकत्या 30 सेमीच्या, आरपार बोल्टने कसलेल्या. कडा पॉलिश पेपरने इतक्या घासायच्या की बोट फिरवलं तर कुठे अडकू नये, नाहीतर दोरी तिथंच कापली जाते. आस म्हणून 12 मिमीचा रॉड आणि 6201 नंबरचे दोन बेअरिंग कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ब्रेकला चकतीच्या कडेवरून चामड्याचा पट्टा, शिवाय चकतीत भोकं पाडून एक लोखंडी पिन. हँडल काढता येणारं हवंच हवं, दोरी सुटली की फिरतं हँडल बोटं मोडतं. दोरीचं टोक ड्रमला पक्कं बांधायचं आणि शेवटच्या 20 मीटरला लाल रंग लावून ठेवायचा.

आणि एवढी भक्कम केली तरी चक्रीने पतंग ओढायचा नाही, चक्री फक्त दोरी साठवायला. पतंग वर स्थिर झाला की दोरी जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला बांधायची. उतरवताना दोरीवर पुली अडकवून ती दाबत पतंगाच्या दिशेने चालत जायचं, पतंग खाली येतो, मग ढिली पडलेली दोरी निवांत गुंडाळायची. हातात चामडी मोजे पाहिजेतच.

हवामानवाल्यांचे पतंग याहून कितीतरी मोठे होते. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेने 1894 मध्ये पतंगाने तापमान नोंदवणारं यंत्र वर पाठवलं, पुढे तिथं दोरीऐवजी पियानोची तार आणि वाफेवर चालणारी चक्री आली. जर्मनीतल्या लिंडेनबर्गला 1919 मध्ये पतंगांची माळ 9740 मीटरपर्यंत गेली.

आपल्याकडं 1934 च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगही धरला होता, त्यामुळे विमानतळाच्या आसपास मोठा पतंग नकोच, आणि विजेच्या तारांजवळ तर अजिबात नाही. घरी आल्यावर सगळी दोरी एकदा उलगडून, ओली असेल तर वाळवून, परत सैल गुंडाळायची, तशीच आवळलेली ठेवली तर ड्रम आठवडाभर दाबाखाली राहतो.