युद्धजन्य वायुप्रदूषण

युद्धातील स्फोट, आगी, इमारतींची पडझड आणि सैन्याची रोजची कामे यांमुळे धूर, धूळ, विषारी वायू व धातूंचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. या प्रदूषणाला आणि श्वासावाटे त्याचा शरीरावर वर्षानुवर्षे होत राहणाऱ्या परिणामांना मिळून युद्धजन्य वायुप्रदूषण म्हणतात. रासायनिक अस्त्रे ही त्यातील सर्वांत कुप्रसिद्ध बाब. पण गेल्या काही दशकांतील युद्धांत लोकांच्या फुप्फुसांत गेलेला बहुतेक धूर कुणाला मारण्यासाठी सोडलेला नव्हता. तो जळत्या तेलाचा, कोसळलेल्या घरांचा आणि छावणीमागे पेटवलेल्या कचऱ्याचा होता, आणि म्हणूनच त्याची नोंद फारशी झाली नाही. मृतांची मोजदाद युद्धविरामाच्या सुमारास आटोपते. या धुराने आजारी पडलेली माणसे त्यानंतर दहा-वीस वर्षांनी दवाखान्याची पायरी चढतात. तेव्हा त्यांच्या नाकातोंडात नेमके काय गेले होते, हे सांगणारा कागद कुणाजवळच नसतो. या विषयातला जवळजवळ प्रत्येक वाद त्या न केलेल्या मोजणीपाशी येऊन अडतो.

हवेत काय मिसळते

तेलाचे साठे, शुद्धीकरण कारखाने आणि रासायनिक उद्योग हे युद्धातले नेहमीचे लक्ष्य असतात. कच्चे तेल उघड्यावर जळते तेव्हा ज्वलन अर्धवट होते. त्यातून काजळी, सल्फर डायऑक्साइड, बेंझीन आणि कर्करोगकारक बहुचक्री हायड्रोकार्बन बाहेर पडतात. रासायनिक कारखान्याच्या बाबतीत तर काय जळेल याचा नेम नसतो. एप्रिल १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी बेलग्रेडजवळच्या पान्चेवो येथील पेट्रोरसायन संकुलावर बॉम्ब टाकले, तेव्हा प्लास्टिक बनवण्यासाठी साठवलेल्या व्हिनाइल क्लोराइडने पेट घेतला. हे रसायन यकृताच्या एका दुर्मीळ कर्करोगाला कारणीभूत ठरते. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पेक्का हाविस्टो यांच्या नेतृत्वाखाली तेथे पाहणी केली, आणि युद्धोत्तर पर्यावरणाच्या पाहणीची रीत तिथून सुरू झाली.

दारूगोळ्याचा वाटा वेगळा. टीएनटी व आरडीएक्स या स्फोटकांचे अवशेष, गोळ्यांतले शिसे आणि तोफगोळ्यांतले तांबे मातीत बसतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हा उठतात. रणगाडे व अवजड वाहने वाळवंटाचा वरचा घट्ट थर मोडतात, त्यामुळे पुढच्या हंगामांतली धुळीची वादळेही वाढतात. याशिवाय एक न दिसणारा भाग आहे. वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली की घरोघरी डिझेलचे जनरेटर सुरू होतात. स्वयंपाकाचा गॅस संपला की चुलीत लाकूड, चिंध्या, प्लास्टिक, हाताला लागेल ते जाते. कचरा उचलणारी गाडी येत नाही, म्हणून कचरा गल्लीतच पेटवला जातो. हा धूर उपग्रहातून धड दिसत नाही, पण तो थेट खोलीत आणि थेट मुलांच्या छातीत भरतो.

शरीरात काय घडते

२.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत (हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत) जातात, तिथे दाह निर्माण करतात, आणि त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तात उतरतात. म्हणून या प्रदूषणाचे बळी दम्याच्या रुग्णांपुरते मर्यादित नसतात. हृदयविकार, पक्षाघात आणि कमी वजनाची बाळे हेही त्याचेच परिणाम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. काही परिणाम तासाभरात दिसतात, काही फार उशिरा. अॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग साधारण वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतो.

विषारी वायू

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने वाऱ्याची दिशा पाहून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन सोडला. जुलै १९१७ मध्ये त्याच परिसरात मस्टर्ड वायू प्रथम वापरला गेला. १९२५ च्या जिनीव्हा करारानुसार अशा वायूंच्या युद्धातील वापरावर बंदी आली. तरीही इराण-इराक युद्धात इराकने मस्टर्ड आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारा सरीन वापरले. २८ जून १९८७ रोजी इराणमधील सरदश्त या गावावर, आणि १६ मार्च १९८८ रोजी इराकच्याच हलब्जा या कुर्दी शहरावर. हलब्जात काही तासांत हजारो माणसे मेली.

मस्टर्डचा दीर्घकालीन परिणाम जगाला मुख्यतः इराणी रुग्णांमुळे कळला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हा खरे तर तेलकट द्रव असून त्याची वाफ लागते. कातडीवर फोड येतात, ते भरतात, माणूस घरी जातो. पण फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांच्या भिंती आतून जाड होत जातात आणि हळूहळू बुजतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. काहींच्या डोळ्यांत दहा-पंधरा वर्षांनी जखमा उमटू लागतात आणि दृष्टी जाते. हल्ल्याच्या दिवशी फारसा त्रास न झालेल्यांनाही पुढे धाप लागू लागल्याच्या नोंदी आहेत. तेहरानमधल्या शांतता संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगणारे अनेक स्वयंसेवक स्वतः अशा हल्ल्यांतून वाचलेले सैनिक आहेत. घोगऱ्या, वाक्याच्या मध्येच तुटणाऱ्या आवाजात ते बोलतात. काचेआडच्या कोणत्याही वस्तूपेक्षा तो आवाज अधिक सांगून जातो.

कुवेत, १९९१

१९९० मध्ये कुवेत बळकावलेल्या इराकी सैन्याने अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांपुढे माघार घेताना तिथल्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. ऐन भरात दिवसाला ४० ते ६० लाख बॅरल तेल जळत होते. भर दुपारी मोटारींचे दिवे लावून जावे लागे. अंगावर तेलाचे थेंब पडत. वाळू, तेल आणि काजळी मिळून देशाच्या सुमारे ५ टक्के भूभागावर डांबरासारखा कडक थर बसला. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी बंद झाली. या धुराने पृथ्वीच्या मोठ्या भागाचे हवामान थंड पडेल, अशी भीती खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यासह काहींनी वर्तवली होती. तसे झाले नाही. धूर स्थितांबरापर्यंत (ढगांच्याही वरच्या थरापर्यंत) पोचला नाही आणि पावसाने तो बराच धुऊन टाकला. शिवाय आगीच्या उष्णतेने तो बराचसा उंच उचलला गेल्यामुळे जमिनीलगतची हवाही पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी दूषित भरली. मोजणीशिवाय केलेला अंदाज जास्तीचाही ठरू शकतो, हे इथे दिसते.

त्या युद्धातील सुमारे ७ लाख अमेरिकी सैनिकांपैकी पाव ते एक तृतीयांश जणांना पुढे सततचा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशी लक्षणे जडली. कित्येक वर्षे हा मनाचा आजार मानला गेला. मार्च १९९१ मध्ये खमिसिया येथील इराकी दारूगोळा कोठार अमेरिकी सैन्यानेच उडवून दिले होते आणि त्यात सरीन होते, ही गोष्ट अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केली. २००८ मध्ये सरकारी संशोधन समितीने हा आजार खरा असल्याचे सांगितले आणि सरीनसारख्या मज्जावायूपासून बचाव म्हणून दिलेल्या गोळ्या व कीटकनाशके यांकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये रॉबर्ट हेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सरीनचे विघटन करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) कमी प्रभावी जनुकप्रकार ज्यांच्यात आहे, त्यांना सरीनचा संपर्क झाल्यास या आजाराचा धोका वाढतो. आजारापासून या निष्कर्षापर्यंत यायला तीन दशके लागली.

गंधकाची आग आणि जाळखड्डे

जून २००३ मध्ये इराकमधील मोसुलजवळच्या मिश्राक येथील गंधक कारखान्याला आग लागली. ती जवळजवळ महिनाभर धुमसत राहिली, आणि सुमारे ६ लाख टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. (ऑक्टोबर २०१६ मध्ये इसिस या दहशतवादी संघटनेने हाच कारखाना पुन्हा पेटवला. त्याच सुमारास शेजारच्या कय्यारा येथील तेलविहिरीही महिनोन्महिने जळत होत्या. तिथल्या मेंढ्यांची लोकर काळी पडली होती आणि मुलांचे चेहरे काजळीने माखलेले असत.) २००३ च्या आगीच्या परिसरात असलेले काही अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर दोन मैलांच्या धावण्याच्या चाचणीत नापास होऊ लागले. पूर्वी हीच मंडळी ती सहज पार करत. छातीचा एक्स-रे स्वच्छ, फुंकर मारून घेतलेली श्वासाची चाचणीही जवळपास ठीक. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील रॉबर्ट मिलर यांनी त्यांच्यापैकी काहींच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४९ जणांची बायॉप्सी झाली होती आणि ३८ जणांमध्ये बारीक श्वासनलिका आक्रसून बुजण्याचा आजार सापडला. नेहमीच्या तपासण्यांना तो दिसतच नव्हता. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' या शब्दांवर अशा किती माणसांना परत पाठवले गेले असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. इराकमधील बलद येथील खड्डा सुमारे दहा एकरांवर पसरलेला होता. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा आणि विष्ठा असे सगळे त्यात जाई, वर विमानाचे इंधन ओतून पेटवले जाई. प्लास्टिक असे कमी तापमानाला जळले की डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होते. राहण्याचे तंबू त्याच वाऱ्याच्या वाटेवर असत. सकाळच्या काळ्या बेडक्याला आणि खोकल्याला सैनिकांनी नावही ठेवले होते, 'इराकी क्रड'. परतल्यावर त्यांनी भरपाई मागितली तेव्हा बहुतांश दावे फेटाळले गेले, कारण कोण किती दिवस किती धुरात होता याचे माप नव्हते. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समित्यांनीही २०११ आणि २०२० मध्ये, उपलब्ध माहितीवरून दीर्घकालीन आजारांबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असेच नोंदवले. पुरावा नाही याचा अर्थ अपाय नाही असा होत नाही, ही साधी गोष्ट कायद्यात उतरायला १० ऑगस्ट २०२२ उजाडावे लागले. त्या दिवशी सही झालेल्या पॅक्ट कायद्याने वीसहून अधिक आजार लष्करी सेवेमुळेच झाले असे गृहीत धरले, आणि सिद्ध करण्याचा भार आजारी माणसाच्या खांद्यावरून उतरवला. त्याच खड्ड्यांच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या इराकी आणि अफगाण गावकऱ्यांना हा कायदा लागू नाही. सैनिकांची पाळी बदलत असे. गावकरी तिथेच होते.

राडारोडा

शहरांत लढल्या जाणाऱ्या युद्धांत सर्वांत मोठा साठा राडारोड्याचा असतो. सिमेंट, काच, शिशाचे रंग आणि जुन्या छपरांतले अॅस्बेस्टॉस यांचे पीठ होते. लोक त्यातच आपली माणसे आणि भांडीकुंडी शोधतात, पुढे तोच माल फोडून घरे बांधतात. गाझात जून २०२४ पर्यंत सुमारे ३.९ कोटी टन राडारोडा साचल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज होता, आणि नंतर तो वाढतच गेला. अशा धुळीचे पुढे काय होते याची सर्वांत चांगली नोंद न्यू यॉर्कमध्ये झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात अग्निशमन दलाचे ३४३ जवान मेले. त्या जागी काम केल्यामुळे पुढे आजाराने मेलेल्या जवानांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ वर पोचली. तिथे प्रत्येक जवानाची जुनी आरोग्य नोंद हाताशी होती, म्हणून हे कळले.

क्षीण युरेनियम

क्षीण युरेनियम म्हणजे अणुइंधन बनवताना उरणारे, कमी किरणोत्सारी युरेनियम. त्यापासून बनवलेल्या रणगाडे भेदणाऱ्या जड गोळ्यांचा आघाताच्या वेळी बारीक भुगा होऊन जळतो. १९९१ मध्ये आखातात सुमारे ३०० टन युरेनियम असे वापरले गेले. मूत्रपिंडावरील विषबाधा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मुख्यतः आघात झालेल्या वाहनात किंवा त्याच्या अगदी जवळ असलेल्यांना संभवतो, असे ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे मत आहे. इराकी डॉक्टरांनी नोंदवलेल्या जन्मजात व्यंगांशी त्याचा संबंध किती, यावर एकमत झालेले नाही.

मोजणी आणि दाद

युद्धात हवा मोजणारी केंद्रे बंद पडतात किंवा उडवली जातात, म्हणून उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते. ते फसवूही शकतात. सीरियात युद्ध पेटल्यावर, २०११ नंतर, दमास्कस आणि अलेप्पो या शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड ४० ते ५० टक्क्यांनी घटलेला दिसला. हवा सुधारली नव्हती. गाड्या, कारखाने आणि माणसे उरली नव्हती. निर्वासित जिथे गेले त्या लेबनॉनमध्ये तोच वायू वाढला.

निसर्गाला व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर हानी पोचवणाऱ्या युद्धपद्धतींना जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पूरक करारनाम्याने मनाई केली आहे. पण या तिन्ही अटी एकदमच पुऱ्या व्हाव्या लागतात, त्यामुळे ते कलम क्वचितच कुणाला लागू पडते. कुवेतच्या प्रकरणी मात्र संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले, आणि त्यात पर्यावरणाच्या हानीची भरपाईही होती. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला.

मोजणी करायचे ठरवले तर काय हाती लागते, हे हिरोशिमा-नागासाकीत दिसले. तिथे १९५० पासून सुमारे १ लाख २० हजार लोकांचा आयुष्यभर मागोवा घेतला जात आहे. रक्ताचा कर्करोग आधी वाढला आणि इतर कर्करोग कित्येक वर्षांनी, हे त्यातूनच समजले. तरी तिथेही नकाशावरची रेघ आड आली. स्फोटानंतर काजळी व किरणोत्सारी कण घेऊन काळा पाऊस पडला होता, आणि सरकारने आखलेल्या रेघेबाहेर भिजलेल्यांना मदत नाकारली गेली. त्यांच्यापैकी ८४ जणांच्या बाजूने हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने १४ जुलै २०२१ रोजी निकाल दिला. आजाराचे कारण शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करण्याची गरज नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नसेल तर तेवढे पुरे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने अपील केले नाही. पावसाला ७६ वर्षे होत आली होती, आणि निकाल ऐकण्याआधीच काही वादी वारले होते.