चेहऱ्यातली कळ आणि नागिणीनंतरची आग: उतारवयातील मज्जातंतूंच्या दोन वेदना

उतारवयात चेहऱ्याच्या एकाच बाजूला दीर्घकाळ छळणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनांमध्ये दोन आजारांची वारंवार गल्लत होते: एक ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आणि दुसरा नागीण बरी झाल्यावर मागे उरणारा पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया. दोन्ही बहुधा पन्नाशी उलटल्यावर गाठतात, दोन्हींत नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि दोन्हींत चेहऱ्याला वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. त्यामुळे एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला सुचवण्याचा मोह नातेवाइकांना होतो. परंतु पहिल्या आजारात वेदना पूर्णपणे थांबवणे हे वाजवी उद्दिष्ट असते, तर दुसऱ्यात ती सोसण्याजोगी करणे हे. आणि हा फरक ध्यानात न घेतल्यास पहिला रुग्ण विनाकारण सोसत राहतो आणि दुसरा विनाकारण निराश होतो.

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या पाचव्या कपालीय (ट्रायजेमिनल) मज्जातंतूला तीन शाखा असतात. एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तर तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची कळ बहुतेक वेळा खालच्या दोन शाखांच्या क्षेत्रात उठते. ती विजेच्या झटक्यासारखी येते, निमिषमात्र ते फार तर दोन मिनिटे टिकते आणि आली तशी निघून जाते. मात्र अशा झटक्यांची माळ दिवसभर लागू शकते. दात घासणे, तोंड धुणे, दाढी करणे, घास चावणे, इतकेच काय, दोन शब्द बोलणेही तिला पुरेसे होते. गालावरची एखादी ठरावीक जागा हलकेच स्पर्शली तरी झटका बसतो, म्हणून रुग्ण त्या बाजूची दाढी वाढू देतात, जेवण टाळतात आणि वजन घटवून बसतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात बहुतेकांना काहीच होत नसते, आणि झोपेत ही कळ सहसा उठवत नाही. कधीकधी ती महिनोन्महिने नाहीशी होते आणि पुन्हा परतते.

वेदना हिरडीत उमटत असल्यामुळे रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो. तिथे रूट कॅनाल होते, दाढ निघते, मग शेजारची दाढ निघते, आणि कळ जागच्या जागी राहते. अभिनेते सलमान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचे आणि २०११ मध्ये त्यासाठी अमेरिकेत उपचार घेतल्याचे जाहीरपणे सांगितल्यापासून त्याचे नाव आपल्याकडे थोडेफार परिचित झाले. तरीही निरोगी दात गमावून बसलेले वृद्ध रुग्ण आजही भेटतात.

दुसऱ्या आजाराचा आरंभ मात्र त्वचेवर स्पष्ट दिसतो. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये दशकानुदशके सुप्त राहतो आणि वयानुसार प्रतिकारशक्ती उणावली, की त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. छातीवर किंवा पाठीवर एका बाजूला पट्ट्यासारखे उठणारे पाण्याचे फोड म्हणजे नागीण. छातीखालोखाल ती कपाळ आणि डोळ्याच्या शाखेवर उठते, आणि गल्लत होते ती याच ठिकाणी. फोड दोन ते चार आठवड्यांत वाळतात. परंतु तीन महिने उलटूनही त्या जागी आग होत राहिली, तर तिला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. वय जितके अधिक आणि नागिणीच्या वेळची वेदना जितकी तीव्र, तितका हा धोका वाढतो.

या वेदनेचा स्वभाव वेगळा आहे. ती अखंड असते: सतत भाजल्यासारखी जळजळ, तिच्यात मधूनच टोचणी किंवा चमक, शिवाय खाजही. उशीचा अभ्रा, पदर, कंगवा यांचा साधा स्पर्शही दुखतो, आणि गंमत अशी की त्याच जागी टाचणीची टोच नीट कळत नाही. म्हणजे तिथली त्वचा एकाच वेळी बधिर आणि अतिसंवेदनशील झालेली असते. कापूस आणि टाचणी एवढ्या सामग्रीवर होणारी ही तपासणी माझ्या मते निदानातील सर्वांत मोलाची पायरी आहे, कारण नेहमीच्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात त्वचेची संवेदना शाबूत असते. त्या आजारात बधिरपणा आढळला, तर ट्यूमर किंवा अन्य कारणाचा शोध घ्यावा लागतो. एमआरआय तर त्यात सर्वांनाच सुचवला जातो.

फरकाचे मूळ मज्जातंतूच्या अवस्थेत आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात बहुधा एखादी रक्तवाहिनी, विशेषतः लघुमेंदूकडे जाणारी वरची धमनी, मज्जातंतूच्या मेंदूजवळील मुळावर दाब देते. तिथले आवरण झिजते आणि स्पर्शाचे साधे संदेश वेदनेच्या झटक्यात बदलतात. मज्जातंतू बव्हंशी शाबूत असतो, म्हणून दाब हटवला की वेदना थांबू शकते. नागिणीत विषाणूने गाठीतील पेशी आणि तंतूच नष्ट केलेले असतात. तिथे हटवण्याजोगे काही उरलेले नसते.

औषधांची निवड याच भेदावर अवलंबून असते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी १९६० च्या दशकापासून कार्बामाझेपिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे आणि अनेकांना दोन-तीन दिवसांतच आराम पडतो. इतका, की हा आराम निदानाला दुजोरा देणारा मानला जातो. मात्र वृद्धांच्या बाबतीत हे औषध जपून वापरावे लागते. ते रक्तातील सोडियम घटवते, आणि रुग्ण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर हा धोका अधिक. अशा वेळी नव्याने आलेली ग्लानी किंवा गोंधळलेपणा ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देणे घातक ठरते. कार्बामाझेपिन यकृतातील विकरांचा (एन्झाइमांचा) वेग वाढवत असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, रक्तदाबाचे अम्लोडिपिन यांसारख्या औषधांचा प्रभाव कमी करते. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आले, तर ते तातडीने डॉक्टरांना दाखवावे, कारण स्टीव्हन्स-जॉन्सन ही जिवावर बेतणारी प्रतिक्रिया क्वचित होते आणि आशियाई लोकांत तिचा संबंध एचएलए-बी १५०२ या जनुकप्रकाराशी आढळला आहे. म्हणूनच १०० मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवतात. ऑक्सकार्बाझेपिन हा पर्याय आहे, पण सोडियमच्या बाबतीत तो अधिकच त्रासदायक ठरू शकतो.

पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जियात कार्बामाझेपिनवर भिस्त ठेवू नये. तिथे गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन ही औषधे दिली जातात, आणि वेदना निम्म्यावर आली तरी उपचार यशस्वी समजतात. पहिल्या दोन औषधांची मात्रा मूत्रपिंडाची क्षमता पाहून ठरवावी लागते, अन्यथा गुंगी येते आणि रात्री उठताना तोल जातो. खुब्याचे हाड मोडणे ही मूळ दुखण्याहून मोठी आपत्ती होय. प्रोस्टेटची वाढ, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्यांना अमिट्रिप्टिलिन टाळणे किंवा फार सावधपणे देणे भाग असते. दुखरी जागा लहान असेल तर ५ टक्के लिडोकेनची पट्टी हा वृद्धांसाठी मला विशेष पटणारा मार्ग आहे, कारण तिचे औषध रक्तात फारच थोडे उतरते. मात्र ती डोळ्याजवळ लावता येत नाही आणि बऱ्या झालेल्या, अखंड त्वचेवरच लावायची असते.

शस्त्रक्रियेत हा भेद टोकाला जातो. अमेरिकी न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत कानामागील हाडाला छोटे छिद्र पाडून धमनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात, आणि दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण वेदनामुक्त असल्याचे आढळले आहे. भूल झेपणार नाही अशा वृद्धांसाठी सुईवाटे केलेले रेडिओफ्रिक्वेन्सी दहन, फुगा फुगवून दिलेला दाब किंवा गामा नाइफचे किरण हे पर्याय आहेत. त्यांत चेहरा काहीसा बधिर होतो आणि गामा नाइफचा परिणाम दिसायला आठवडे ते महिने लागतात. नागिणीनंतरच्या वेदनेत यांतले काहीही सहसा करत नाहीत, कारण आधीच जखमी असलेल्या मज्जातंतूला आणखी इजा केल्याने वेदना वाढू शकते.

एक कठीण काळ मात्र दोहोंच्या सीमेवर असतो. नागिणीचे फोड उठण्याआधी दोन-चार दिवस नुसतीच वेदना असू शकते, आणि ती कपाळात किंवा जबड्यात असेल तर अर्धशिशी, दाढदुखी किंवा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया वाटते. नव्या, एकाच बाजूच्या वेदनेत म्हणूनच रोज उजेडात त्वचा आणि केसांखालची टाळू पाहावी. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅसिक्लोव्हिर किंवा व्हॅलासिक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू झाले, तर नागिणीची तीव्रता घटते. मागे वेदना उरणारच नाही, अशी हमी मात्र ते देत नाही. आपल्याकडे नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो या समजापायी मंत्र आणि लेप यांत हेच तास वाया जातात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर डोळ्यालाही लागण होण्याची शक्यता मोठी असते आणि नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवणे आवश्यक असते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया टाळण्याचा कोणताही ज्ञात उपाय नाही. नागिणीवर मात्र शिंग्रिक्स ही लस २०२३ पासून भारतातही मिळते. ती पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रांत देतात आणि चाचण्यांत सत्तरी ओलांडलेल्यांनाही तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. ती महाग आहे आणि सरकारी लसीकरणात समाविष्ट नाही. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही फोड पूर्ण भरून आल्यावर ती देता येते, परंतु आधीच मागे उरलेली आग तिने शमत नाही.