लोकलचं खरं शास्त्र थांबण्यात आहे

पुणे–लोणावळा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही, तर वर लोंबणाऱ्या कड्यांकडे बघा. गाडी शिवाजीनगरहून हलली की सगळ्या कड्या एकदम मागे झुकतात. मग वेग वाढत जातो तशा हळूहळू सरळ होतात आणि खडकी जवळ आली की पुढे झुकतात. कडी म्हणजे फुकटात मिळालेलं प्रवेगमापक आहे. ती तीन अंशांनी मागे झुकली, तर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंदानं वाढतोय असं समजायचं. लोकल किती चांगली हे त्या तीन अंशांवर ठरतं, तिच्या कमाल वेगावर नव्हे.

पुणे ते लोणावळा 64 किलोमीटर आणि दोन्ही टोकं धरून 17 स्थानकं. म्हणजे दर चार किलोमीटरला एक थांबा. ताशी 80 किलोमीटरनं धावणारी गाडी मध्येच थांबवायची, 30 सेकंद उभी करायची आणि पुन्हा त्याच वेगाला न्यायची, यात किती वेळ जातो? वर सांगितलेल्या प्रवेगानं आणि त्याहून थोड्या जोरदार ब्रेकनं हिशेब केला, तर प्रत्येक थांब्याला सुमारे 67 सेकंद. मधल्या 15 थांब्यांचे मिळून 17 मिनिटं. आता डब्यांपुढे इंजिन जोडून तीच गाडी चालवा. एकट्या इंजिनानं ओढायची म्हणून सुटताना तिचा प्रवेग समजा निम्म्याहून कमी असेल. मग प्रत्येक थांबा 100 सेकंदांचा आणि एकूण 25 मिनिटं. गाडीचा वेग तोच, रूळ तेच, तरी आठ मिनिटं हातची गेली. रोज दोन वेळा प्रवास करणाऱ्याला आठ मिनिटं म्हणजे घरचा एक कप चहा.

म्हणून लोकलला इंजिन नसतं. तिच्या साधारण दर तीन डब्यांमागे एक मोटरडबा असतो, त्याच्या प्रत्येक आसावर मोटर असते. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर टेकतं ते जेमतेम नखाएवढ्या जागेत. दोन्ही कठीण असल्यानं फारसं दबत नाही, आणि म्हणूनच रबरी टायरच्या तुलनेत तेवढंच वजन ओढायला कितीतरी कमी जोर पुरतो. पण लोखंडाची लोखंडावर पकडही कमी, त्यामुळे जोर लावताना चाक घसरायचीही भीती असते, पावसात ओल्या रुळावर तर जास्तच. एका इंजिनाच्या मोजक्या चाकांवर सगळा भार टाकण्यापेक्षा तो गाडीभर पसरलेल्या चाकांवर वाटला, की घसरणं कमी होतं आणि कड्या जास्त झुकतात. मला हा उपाय फार देखणा वाटतो. मोठं यंत्र आणण्याऐवजी काम वाटून घेतलं.

वेग वाढवायला वीज लागते, ती थोडीथोडकी नाही. समजा भरलेली गाडी 500 टनांची आहे. ताशी 80 किलोमीटरला तिच्यात सुमारे 34 युनिट ऊर्जा साठलेली असते, म्हणजे मध्यम कुटुंबाची कित्येक दिवसांची वीज. जुन्या गाड्यांत ब्रेक लावला की ती उष्णता होऊन हवेत जायची. नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनते आणि त्यातली बरीचशी वीज वरच्या तारेत परत जाते. आकुर्डीला थांबणारी गाडी त्याच वेळी चिंचवडहून सुटणाऱ्या गाडीला हातभार लावू शकते.

पुण्यात रेल्वे आली 1858 साली. मुंबईहून विजेच्या तारा 1930 च्या सुमारास पोचल्या. लोकल मात्र सुरू झाली 1978 मध्ये. रूळ, तारा, फलाट सगळं असूनही उपनगरी रेल्वे उभी राहायला एवढा वेळ का लागावा? खरी टंचाई रुळांवरच्या वेळेची होती आणि अजूनही आहे. समजा लोकलला लोणावळ्यापर्यंत 80 मिनिटं लागतात आणि न थांबणाऱ्या एक्स्प्रेसला 60. मग लोकलमागून लगेच एक्स्प्रेस सोडता येत नाही, ती कामशेतच्या आधीच तिला गाठेल. मध्ये किमान 20 मिनिटांची मोकळी जागा ठेवायची, नाहीतर लोकलला बाजूच्या रुळावर उभं करायचं. सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या, तर त्याच 20 मिनिटांत चार तरी गाड्या मावल्या असत्या. तळेगावला गाडी उगाच उभी राहिली आणि शेजारून एक्स्प्रेस सुसाटत गेली, तर त्यामागे हे गणित असतं. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी त्यासाठीच आहे. लोकलला स्वतःचे रूळ मिळाले की दर दहा मिनिटांनी गाडी सोडणं हे वेळापत्रकाचं साधं काम उरतं. आज पिंपरी-चिंचवडहून मावळापर्यंत घरं वाढत चालली आहेत, त्यामुळे हे काम लांबवणं परवडणारं नाही असं मला मनापासून वाटतं.

गर्दी देहूरोडला ओसरली की खिडकी मिळते. मग एक खेळ खेळा. बाहेर तारांच्या खांबांवर दोन आकडे रंगवलेले असतात, किलोमीटर आणि त्याखाली खांबाचा क्रमांक. किलोमीटर मुंबईपासून मोजलेले, म्हणून लोणावळ्याकडे जाताना ते उतरत जातात. एक किलोमीटर संपायला लागलेले सेकंद मोजा आणि 3600 ला त्यांनी भागा, वेग हाती येतो. 45 सेकंद लागले तर ताशी 80. माझ्या पुतणीला हे सांगितल्यापासून ती मोबाईल बाजूला ठेवून खांब मोजत बसते.

वडगावच्या पुढे डावीकडे डोंगर जवळ येतात. अश्विनात कान्हे-कामशेतला भात पिकलेलं असतं आणि उघड्या दारातून इंद्रायणीचा वास येतो (हे वाणही वडगावच्याच संशोधन केंद्रातलं). मळवलीला उजवीकडे कार्ल्याचा डोंगर, डावीकडे भाजे, त्यावर विसापूर आणि लोहगड. मोटरमन कसलेला असेल, तर तो अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक जरा सैल सोडतो. एरवी गाडी थांबते तेव्हा पुढे झुकलेल्या कड्या झटक्यानं मागे जातात आणि उभी माणसं हेलपाटतात. एकदा मात्र तसं काही झालं नाही. कड्या सावकाश सरळ झाल्या, दारातल्या दूधवाल्याची किटली हलली नाही, आणि गाडी थांबली हे आम्हाला फलाटावरच्या कुत्र्याकडे बघून कळलं.