आधी ई-मेलचा पासवर्ड बदला

नमस्कार,

दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपच्या पावतीवर पूर्वी आम्ही 'पासवर्ड' असा एक रकाना ठेवत असू. आता तो काढून टाकला आहे. त्यात बहुतेक वेळा एकच नमुना दिसायचा: देवाचं किंवा मुलाचं नाव, पुढे ॲटचं चिन्ह आणि 123. वर ग्राहक सांगायचे, "सगळीकडे हाच आहे, लक्षात राहतो." त्या 'सगळीकडे'ची आम्हाला काळजी वाटते, म्हणून हे पत्रक.

2009 साली रॉकयू या अमेरिकन कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सर्वात जास्त वेळा सापडलेला पासवर्ड होता 123456. अशा याद्या चोरांच्या हाती फिरत राहतात. एका साइटवरून फुटलेला ई-मेल आणि पासवर्ड ते दुसऱ्या पन्नास साइटवर लावून बघतात. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा. एका दमात सगळे बदलणं होत नसेल, तर निदान ई-मेलचा आजच बदला. बाकीच्या बहुतेक खात्यांच्या 'पासवर्ड विसरलात?' या दुव्याचं पत्र तिथेच येतं. ई-मेल गेला की बाकीची दारं आपोआप उघडतात.

जन्मतारीख तर नकोच. आठ आकड्यांचे 10 कोटी पासवर्ड होऊ शकतात, पण शंभर वर्षांतल्या तारखा जेमतेम 36,525. संगणकाला ते क्षणाचं काम.

मग चांगला पासवर्ड कसा करायचा? घरातला मराठी शब्दकोश घ्या. डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, शब्द लिहा. असं पाच वेळा करा. समजा आलं: अडकित्ता, वादळ, कोथिंबीर, शिडी, पंचांग. हेच पाच वापरू नका, ते आता छापले गेले! आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलूही नका, कारण आपली आवड ओळखता येते. अभंगाची किंवा गाण्याची ओळही त्याच कारणाने टाळा. शब्दकोशातले फक्त 5000 शब्द धरले, तरी अशा पाच शब्दांचे पासवर्ड आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डांपेक्षा सुमारे दीड कोटी पट भरतात. शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि स्पेलिंग आधीच पक्कं करा. 'कोथिंबीर'मधल्या 'बी'ला एक आय की दोन ई, इथेच बरेच जण अडकतात.

पासवर्ड घरच्या वहीत लिहून कपाटात ठेवला तर आमची हरकत नाही. स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र नको. खाती जास्त असतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलुपात सांभाळणारं ॲप, वापरा, आम्ही बसवून देऊ. दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेनेही 2017 मध्ये ती सक्ती नको असं सांगितलं, कारण माणसं शेवटच्या 1 चा 2 करून मोकळी होतात. फुटल्याची शंका आली, की मात्र लगेच बदला.

फुटला आहे का, ते तपासता येतं. क्रोममध्ये पासवर्ड साठवत असाल तर त्याच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये 'चेकअप' आहे. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर नुसता ई-मेल टाकला, तरी तो कुठल्या माहीत असलेल्या चोरीत सापडला ते दिसतं. 'तुमचा पासवर्ड किती मजबूत?' असं विचारणाऱ्या अनोळखी पानांवर खरा पासवर्ड टाकू नका. आणि नोंदणी करताना 'पासवर्ड मजबूत आहे' असं दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीवरही विसंबू नका: नाव, चिन्ह, आकडा असं दिसलं की ती खूश होते.

ई-मेलला दुहेरी पडताळणी लावून घ्या, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आलेला कोड वगैरे दुसरा पुरावाही मागितला जातो. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नका, आम्हालाही नाही. पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, दुकानात नंतर या.

दुरुस्तीच्या वेळी लॉगिन लागलंच, तर आम्ही तुम्हाला बोलावू. पासवर्ड तुम्हीच टाका, तोवर आम्ही पाठ फिरवून उभे राहतो.